सहा किलोमीटर खोल सोपं, आठ मीटर उथळ अवघड: पाण्यातून निरोप कसा जातो?

तीन माणसांना समुद्रात ६,००० मीटर खोल नेणारी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेत आकार घेते आहे. त्याची तयारी म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये दोन भारतीय फ्रान्सच्या ‘नॉटिल’ पाणबुडीतून अटलांटिक महासागरात अनुक्रमे ४,०२५ आणि ५,००२ मीटर खोल जाऊन आले. ही बातमी आमच्याकडे हॉटेलात चहासोबत वाचली गेली, तेव्हा पहिला प्रश्न आला तो ऑक्सिजनचा नव्हे, रेंजचा. “आमच्या वस्तीवर टावर येईना, अन् हे समुद्राच्या बुडाशी बसून वर बोलायलेत म्हणं. कसं काय?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर एका शब्दाचं आहे: आवाजानं. पण तेवढ्यावर थांबलं तर खरी गंमत हातची जाते. सहा किलोमीटर खोलीवरून सरळ वर निरोप पाठवणं हे त्या मानानं सोपं काम आहे. तोच निरोप आपल्या नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात, एका होडीकडून अर्धा किलोमीटर लांबच्या दुसऱ्या होडीकडे पाण्यातून पाठवायचा म्हटला, तर इंजिनिअर डोकं खाजवतो. असं का होतं, हे कळलं की पाण्याखालचं सगळं बोलणं कळलं म्हणून समजा.

रेडिओ पाण्यात का चालत नाही

मोबाइल, वाय-फाय, ब्लूटूथ हे सगळं रेडिओलहरींवर चालतं. पाणी या लहरी पिऊन टाकतं. वाय-फायची लहर पाण्यात वीतभर जाईपर्यंत संपलेली असते. पोहणाऱ्यांसाठीच्या इअरफोनमध्ये गाणी आतच साठवून ठेवावी लागतात ती याचमुळे. खारं पाणी तर वीज वाहून नेतं, म्हणून तिथं रेडिओचे हाल आणखी वाईट.

लहर जितकी मंद, तितकी ती खोल जाते. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे केंद्र अशा अतिमंद रेडिओलहरींवर पाणबुड्यांना निरोप धाडतं. त्यासाठी प्रचंड उंच मनोरे उभारावे लागतात आणि तरीही लहर समुद्रात दहा-वीस मीटरच उतरते. पाणबुडीला उलट उत्तर त्याच वाटेनं देता येत नाही, कारण तेवढा मनोरा ती कुठं वागवणार?

प्रकाशाचं म्हणाल तर निळा-हिरवा लेझर स्वच्छ समुद्रात दहा-वीस मीटर तरी नीट जातो. गोदावरीच्या पावसाळी पाण्यात त्याचं काय होईल, ते पैठणच्या घाटावर उभं राहिलं की दिसतंच.

आवाज जातो, पण सावकाश

१८२६ साली स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा सरोवरात कोलॅडॉन आणि स्टर्म या दोघांनी एका होडीखाली पाण्यात घंटा बडवली. घंटेवर टोल पडला की त्याच क्षणी होडीवर दारूचा भडका उडे. सुमारे साडेतेरा किलोमीटर लांब दुसऱ्या होडीतला माणूस पाण्यात कर्णा बुडवून बसलेला. भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजला आणि पाण्यातल्या आवाजाचा वेग निघाला सेकंदाला १,४३५ मीटर. थंड पाण्यातला तो आकडा आजच्या मोजमापाच्या अगदी जवळ आहे. हवेत हाच वेग ३४० मीटरच्या आसपास असतो. ऊबदार पाण्यात तो साधारण १,५०० धरा.

हवेपेक्षा चौपट वेग ऐकायला बरा वाटतो. पण रेडिओ सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. म्हणजे आवाज त्याच्या दोन लाखावा हिस्सा! ६,००० मीटर खोलीवरून “ठीक आहे” म्हटलेलं वर पोचायला चार सेकंद, आणि वरून “बरं” खाली यायला आणखी चार.

त्यात बारीक, म्हणजे चढ्या सुराचा आवाज लवकर दमतो. समुद्रात १०० किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एक लाख कंपनांचा आवाज एका किलोमीटरमध्ये नुसत्या शोषणानंच साधारण हजारपट क्षीण होतो. १० किलोहर्ट्झचा मात्र जेमतेम पाचव्या हिश्शानं. म्हणून लांबचं बोलायचं तर भरड आवाज वापरावा लागतो, आणि भरड आवाजात थोडीच माहिती मावते. गोड्या पाण्यात हे शोषण पुष्कळ कमी असतं, कारण आवाज खाणारं मॅग्नेशियम सल्फेटसारखं मीठ तिथं नसतं. मग नाथसागरात तर सोपं व्हायला हवं होतं. होत नाही.

उथळ पाण्याचा घोटाळा

जायकवाडीचा पूर्ण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर आणि पाण्याखाली जाणारं क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर. भागाकार करा: सरासरी खोली आठ मीटरच्या थोडी वर. काही किलोमीटर रुंद आणि आठ मीटर खोल, म्हणजे धरण कसलं, परातच ती.

आता ५०० मीटर अंतरावर दोन यंत्रं मधल्या खोलीवर सोडली. एकानं टक्‌ केलं. सरळ निघालेला आवाज एक तृतीयांश सेकंदात पोचला. पण आवाज सगळीकडे जातो. एक वाटा वर पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून येतो, एक खाली तळावर आपटून, एक वर-खाली-वर असा टप्पे खात. एकच टप्पा खाल्लेला आवाज फक्त सहा सेंटिमीटर जास्त चाललेला असतो, तो सरळ आवाजाच्या अंगालाच चिकटून येतो. दहा टप्पे खाल्लेला आवाज सहा मीटरहून जास्त चालतो आणि चार मिलिसेकंद उशिरा येतो. मऊ गाळ बराच आवाज गिळतो, पण मुरूम आणि कातळ परत फेकतात.

चार मिलिसेकंद म्हणजे डोळ्याची पापणीही लवत नाही. पण सेकंदाला हजार अक्षरचिन्हं पाठवायची ठरवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला एकच मिलिसेकंद येतो. म्हणजे पहिल्या चिन्हाचे प्रतिध्वनी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्याच्या डोक्यावर पडत राहतात. ऐकणाऱ्याकडे नुसती खिचडी.

दुसरा त्रास जास्त खोडकर. १२ किलोहर्ट्झच्या आवाजाची लहर पाण्यात साडेबारा सेंटिमीटर लांब असते. सरळ आलेल्या लहरीचा उंचवटा आणि टप्पा खाऊन आलेल्या लहरीचा खळगा एकाच वेळी पोचले की दोघं एकमेकांना खातात आणि तो विशिष्ट सूर तिथं गायबच होतो. यंत्र हातभर सरकवा, तो सूर परत येतो आणि शेजारचा जातो.

खोल समुद्रातून सरळ वर बोलताना हे बहुतेक टळतं. तळ खाली राहतो, आवाजाचा झोत वर जहाजाकडे रोखता येतो, आजूबाजूला आपटायला काही नसतं. म्हणून खोलीला घाबरायचं ते दाबासाठी. बोलण्यासाठी घाबरायचं ते उथळ पाण्याला.

“मग जोरात ओरडा की!”

पहिला उपाय हाच सुचतो, आणि इथंच बहुतेकांची गाडी अडते. पंपाचा, होडीच्या इंजिनाचा, पावसाचा गोंगाट दाबायला मोठा आवाज कामी येतो हे खरं. पण प्रतिध्वनी हा आपल्याच आवाजाचा असतो. आपण दहापट ओरडलो की तोही दहापट ओरडतो. खिचडी तितकीच खिचडी राहते, फक्त मोठ्या पातेल्यात. शिवाय पाण्याखालच्या यंत्राला बॅटरीवर महिनोन्‌महिने काढायचे असतात.

म्हणून जोर वाढवायचा नाही, बोलण्याची पद्धत बदलायची. त्या पद्धतीचं नाव स्प्रेड स्पेक्ट्रम, म्हणजे एकाच सुरावर न बोलता निरोप सुरांच्या रुंद पट्ट्यावर पसरून टाकणं.

नाथषष्ठीला पैठणात गेला असाल तर याचं निम्मं तत्त्व तुम्हाला ठाऊक आहे. वाळवंटात शेकडो दिंड्या, टाळ-मृदंग, भोंगे, पोरांचं रडणं. तुम्ही चुकलात. तरी लांबून तुमच्या दिंडीचा अभंग, तुमच्या बुवांची ती नेहमीची चाल कानावर पडली की पाय आपोआप तिकडे वळतात. तो आवाज सगळ्यांत मोठा मुळीच नसतो. चाल तुम्हाला आधीपासून पाठ असते, म्हणून तुकडे-तुकडे ऐकू आले तरी कान ती जुळवून घेतो.

यंत्रही तेच करतं. पाठवणारा आणि ऐकणारा दोघांना एक लांबलचक ‘चाल’ आधीच पाठ करून दिलेली असते. तिला कोड म्हणतात. एक अंक पाठवायला एक टक्‌ न करता अख्खी चाल वाजवायची. अंक १ असेल तर चाल सुलटी, ० असेल तर उलटी, म्हणजे लहरीच्या प्रत्येक उंचवट्याच्या जागी खळगा आणि खळग्याच्या जागी उंचवटा.

कागदावर करून बघा

सात तुकड्यांचा एक प्रसिद्ध कोड आहे. बार्कर कोड म्हणतात त्याला: + + + − − + −

तो एका ओळीत लिहा. खाली तोच परत लिहा. वर-खाली सारखं चिन्ह असेल तर १ मिळवा, वेगळं असेल तर १ वजा करा. बेरीज ७. आता खालची ओळ एक घर उजवीकडे सरकवा आणि जिथं दोन्ही ओळी एकावर एक येतात तेवढ्याचीच बेरीज करा: ०. दोन घरं सरकवा: −१. मग ०, −१, ०, −१. कितीही सरकवा, चाल जागेवर बसली तरच ७, नाहीतर काहीच नाही.

उशिरा आलेला प्रतिध्वनी म्हणजे हीच सरकलेली ओळ. ऐकणारं यंत्र येणाऱ्या आवाजावर आपला कोड सारखा सरकवत राहतं. सरळ आलेला आवाज बसला की एक सुळका उठतो. थोड्या वेळानं प्रतिध्वनी बसतो, तेव्हा दुसरा, बुटका सुळका उठतो. खिचडीतला तांदूळ वेगळा, डाळ वेगळी. हुशार यंत्रं तर प्रतिध्वनींचे सुळके टाकूनही देत नाहीत, सगळे योग्य वेळ सरकवून एकत्र जमा करतात. म्हणजे जो शत्रू होता त्यालाच पगारावर ठेवायचं. (एका तुकड्याच्या वेळेपेक्षाही कमी उशिरानं येणारे, ते सहा सेंटिमीटरवाले, मात्र वेगळे काढता येत नाहीत. ते चिकटलेलेच राहतात.)

आता गोंगाटानं सातातली दोन चिन्हं फिरवली असं धरा. बेरीज ७ ऐवजी ३ येईल, पण अजूनही अधिकच. निरोप शाबूत. खऱ्या यंत्रांत कोड सातचा नसतो. १२७ तुकड्यांचा घेतला तर जुळलेला आवाज १२७ पट साठतो, आणि गोंगाट, ज्याला कसली चाल नाही, तो आपसात वजा होत-होत साधारण ११ पटच साठतो. म्हणून निरोप गोंगाटापेक्षा क्षीण असला तरी वर काढता येतो. तुमच्या मोबाइलमधलं जीपीएस नेमकं असंच चालतं. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा तो गोंगाटाखाली दबलेला असतो, आणि १,०२३ तुकड्यांचा कोड त्याला वर ओढतो.

आणि सूर गायब होण्याची ती दुसरी खोडी? चिन्हं भराभर बदलल्यामुळं आवाज रुंद पट्ट्यावर पसरलेला असतो. त्यातला एखादा सूर मेला, किंवा एखाद्या पंपानं एकाच सुरात घूं-घूं लावली, तर निरोपाचा एक कोपरा खराब होतो, सगळा नाही.

दुसरी तऱ्हा: सूर बदलत बोलणं

पसरण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे ठरलेल्या क्रमानं सारखे सूर बदलत राहणं. हेडी लमार ही हॉलिवूडची नटी आणि जॉर्ज अँथेल हा संगीतकार, या जोडीनं १९४२ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, ८८ सुरांमध्ये उड्या मारायच्या. काम होतं शत्रूला न सापडता पाणतीर (टॉर्पेडो) वळवण्याचं, पण निरोप मात्र रेडिओनं जायचा होता. आज पाण्यातल्या आवाजासाठी ही कल्पना रोजच्या वापरात आहे. ‘नाटो’नं २०१७ मध्ये मान्य केलेलं ‘जेनस’ हे पाण्याखालच्या बोलण्याचं प्रमाण रूप असंच उड्या मारत चालतं, साधारण साडेअकरा किलोहर्ट्झच्या आसपास. वेग सेकंदाला ८० बिट (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक), म्हणजे दहाएक इंग्रजी अक्षरं.

ऐंशी बिट? चेष्टा करता का?

नाही. हीच या सौद्याची किंमत आहे. हिशेब करू. सेकंदाला ४,००० तुकडे पाठवता येतात असं धरा, आणि एका बिटला १२७ तुकडे. भागाकार ३१ बिट. १६० अक्षरांचा एसएमएस जायला चाळीस सेकंद. व्हॉट्सॲपवर सकाळी फुलांचा फोटो येतो, तो १०० केबीचा जरी धरला तरी सात तास. ‘शुभ सकाळ’ दुपारी पोचेल.

याहून वेगवान ध्वनी-मोडेम, म्हणजे निरोपाचा आवाज आणि आवाजाचा निरोप करणारी यंत्रं, आहेत. स्वच्छ, सरळ वाटेवर ते सेकंदाला हजारो बिट पाठवतात. पण त्यातले बरेच इतके पसरून बोलत नाहीत, त्यामुळं उथळ पाण्यात, वारा सुटला की पहिले तेच गळपटतात. माझ्या मते इथं वेगाची बढाई ऐकून घ्यायचीच नाही. “वादळात किती चालतं?” एवढंच विचारायचं.

मग कोड आणखी लांब केला तर?

१२७ नं काम होतं, तर १,०२३ का नको, जीपीएससारखा? इथं पाणी पुन्हा आडवं येतं. होडी हळूहळू, चालत्या माणसाच्या वेगानं, सेकंदाला दीड मीटर सरकते आहे. रेडिओच्या वेगापुढं दीड मीटर म्हणजे काहीच नाही. आवाजाच्या १,५०० पुढं मात्र तो हजारावा हिस्सा आहे. जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढा ऐकू येतो, तोच हा डॉपलर परिणाम. १२ किलोहर्ट्झचा सूर १२ हर्ट्झनं चढतो, आणि कोडची सगळी लांबी हजारात एकानं आखडते. १२७ तुकड्यांत ही चूक निभावून जाते. १,०२३ तुकड्यांत शेवटापर्यंत चाल पूर्ण एक घर हुकलेली असते, लहरीचे तर तीन फेरे उलटसुलट झालेले असतात. बेरीज शून्याकडे जाते. चाल पाठ होती, पण बुवांनी मध्येच लय वाढवली!

उपाय आहेत. निरोपाच्या सुरुवातीला ठरलेली एक हाळी द्यायची, ती किती आखडून आली ते मोजायचं आणि मग पुढचं सगळं तेवढंच ताणून घ्यायचं. पण लाटांनी पृष्ठभागच हलत असेल तर प्रत्येक प्रतिध्वनी वेगवेगळा आखडतो. म्हणून कोडची लांबी हा नेहमी तडजोडीचा आकडा असतो.

काही आडवे प्रश्न

*सरळ तार टाकली तर?* जिथं टाकता येते तिथं टाकावीच. देशादेशांमधलं इंटरनेट समुद्राखालच्या केबलनंच चालतं. पण फिरत्या यंत्राला तार म्हणजे दाव्याला बांधलेलं जनावर, आणि जिथं भोई बांधवांची जाळी रोज पडतात तिथं ती किती दिवस टिकेल, हे वेगळं सांगायला नको.

*मासे मरणार नाहीत का?* रोहू, कटला या कार्प जातीच्या माशांचे कान चांगले असतात, पण ते काही हजार हर्ट्झपर्यंतच. मोडेम दहा हजारांच्या पुढं बोलतात. समुद्रातल्या डॉल्फिनची गोष्ट निराळी, ते लाख हर्ट्झच्याही वरचं ऐकतात, त्यामुळं तिथं आवाज कमीत कमी ठेवण्याला अर्थ आहे आणि पसरून बोलण्यानं तेच साधतं. व्हेल किनाऱ्याला लागल्याच्या बातम्यांमधले नौदलाचे सोनार (आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून शोध घेणारी यंत्रं) हे या मोडेमपेक्षा कितीतरी पट मोठे असतात.

*कुणी चोरून ऐकलं तर?* गोंगाटाखाली दबलेला निरोप सापडणंच अवघड, म्हणून नौदलांना ही पद्धत आवडते. पण कोड म्हणजे कुलूप नव्हे. जीपीएसचा साधा कोड जगजाहीर आहे. गुप्तता हवी तर मजकूर वेगळा कुलूपबंद करावा लागतो.

*एकाच पाण्यात अनेकांनी बोललं तर?* प्रत्येकाला वेगळा कोड दिला तर चालतं. २००३ च्या सुमारास घरोघरी आलेले रिलायन्सचे सीडीएमए फोन आठवतात? त्यातला ‘सी’ म्हणजे हाच कोड. फक्त जवळचा मोठ्यानं बोलला तर लांबच्याचं बुडतं, आणि ही अडचण पाण्यात जास्त बोचते.

जायकवाडीत याचं काय काम

समुद्रातली कामं ठरलेली आहेत. त्सुनामीचा इशारा देणाऱ्या व्यवस्थेत तळावरचं दाबमापक वरच्या तरंगत्या बोयाला आवाजानंच निरोप देतं, बोया उपग्रहाला, आणि तिथून तो हैदराबादच्या केंद्रात येतो. धरणात हेच लहान प्रमाणात करता येतं. तळाशी एक डबा: तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, गढूळपणा. तासाला दहा बाइट, म्हणजे ८० बिट. आपल्या त्या ३१ बिटांच्या रडतखडत वेगानंही तीन सेकंदांच्या आत निरोप जातो आणि उरलेला तास डबा झोपतो. वर तरंगणाऱ्या पिंपावर सौर पट्टी आणि साधं सिमकार्ड. ऑक्सिजन घसरू लागला की मासे तडफडायच्या आधी कळेल, आणि शहराच्या पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलवाल्यांना गढूळ पाणी येतंय हे पंपात येण्याआधी कळेल.

पण आपला उन्हाळा लक्षात घ्यावा लागेल. एप्रिल-मेमध्ये वरचं पाणी तापतं, खालचं थंड राहतं. पाणी २५ वरून ३० अंशांवर गेलं की आवाजाचा वेग सेकंदाला बारा मीटर वाढतो, आणि आवाज नेहमी मंद वेगाकडे, म्हणजे थंड पाण्याकडे वाकतो. वरच्या थरात सोडलेला आवाज खाली वळतो, लांबच्या यंत्राच्या वाट्याला शांतता येते. १९३० च्या दशकात अमेरिकी नौदलाचे सोनार सकाळी ठीक चालायचे आणि दुपारी बहिरे व्हायचे, ते याचमुळं. खलाशी जेवून सुस्तावतात, असाही संशय आधी घेतला गेला होता.

म्हणून नाथसागरात ऐकणारा मायक्रोफोन पिंपाच्या बुडाला चिकटवून भागणार नाही. तो दोरीनं खाली थंड पाण्यात सोडावा लागेल. तळाच्या डब्यालाही गाळात रुतू न देता हात-दीड हात वर टांगावं लागेल. दुष्काळी वर्षात धरण मृतसाठ्याकडे गेलं तर दोरीची लांबी आणि जागा दोन्ही बदलाव्या लागतील. आणि जागा ठरवताना नकाशाआधी तिथं जाळं टाकणाऱ्यांना विचारावं लागेल, कारण कुठल्या महिन्यात कुठं किती पाणी असतं आणि खाली गाळ आहे की कातळ, हे त्यांना कुठल्याही यंत्राआधी माहीत असतं.